खलास म्हणजे झालं

माणूस त्याच्या कामानं ओळखला जातो. घराणं, गाव, आडनाव ही वरची टरफलं. सोलून काढली की आत उरतं ते काम. हे वाक्य मी कॉलेजात असताना वक्तृत्व स्पर्धेत म्हटलं होतं आणि त्याला उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं होतं. पुढे सौदीत दम्माममध्ये माझ्या कामाची सरकारदरबारी नोंद झाली, तेव्हा इकाम्याच्या, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्याच्या, तपकिरी पुस्तिकेत पेशा या रकान्यासमोर 'सब्बाक' असं लिहून आलं. सब्बाक म्हणजे प्लंबर.

मला नळ उघडता आणि बंद करता येत असे. त्यापलीकडे या विद्येशी माझा संबंध नव्हता. मी बारा वर्षं संगणकाचे प्रोग्रॅम लिहीत आलो होतो आणि आमच्या कंपनीतही तेच करत होतो. बंदरात उतरलेला कुठला कंटेनर कुठल्या यार्डात, कितव्या रांगेत पडला आहे हे सांगणारी प्रणाली माझ्याकडे होती. पण सरकारचं म्हणणं असं की संगणकाच्या नोकऱ्या आधी देशातल्या माणसांना द्या. म्हणणं रास्त होतं. आमच्या मालकांनाही ते पटलं होतं. वर्तमानपत्रात त्यांनी तसं फोटोसकट छापून आणलं होतं. फक्त देशातला माणूस घेतला की त्याला पगारही देशातला द्यावा लागतो. मालकांकडे एका अर्धवट राहिलेल्या इमारतीच्या कंत्राटातले प्लंबरचे पंचवीस व्हिसा पडून होते. पडून असलेली वस्तू वाया घालवणं व्यापाऱ्याच्या स्वभावात बसत नाही. अशा रीतीनं नाशिक, हैदराबाद आणि मनिला इथले मिळून आम्ही बावीस जण प्लंबर झालो.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन स्वच्छतागृहं, एक पँट्री, एकूण नळ पाच. एका नळामागे जवळजवळ साडेचार प्लंबर, ही सरासरी जगात दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. कागदावर प्रोग्रॅमर एकच होता, दम्मामचाच फवाज. त्यामुळे आमचा संगणक विभाग शंभर टक्के सौदी होता आणि तशा अर्थाचं प्रशस्तिपत्र फ्रेम करून दारातच लावलेलं होतं.

फवाज तीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप, संगणकाची पदविका घेतलेला. त्याला टेबल होतं, खुर्ची होती, टेबलावर नावाची पट्टी होती. पासवर्ड नव्हता.

"उसकू पासवर्ड कायकू?" आमचे मॅनेजर सिराजुद्दीन म्हणत. ते हैदराबादचे, सौदीत वीस वर्षं मुरलेले. "पासवर्ड दिये तो सीखेगा. सीखा तो तनखा मांगेगा. फिर तुम कायकू और मैं कायकू?"

माझ्याआधी माझ्या खुर्चीवर इसाम नावाचा जॉर्डनचा माणूस बसायचा. माझ्या जवळजवळ दुप्पट पगार घ्यायचा. त्यानं तीन आठवडे बसून मला सगळं काम समजावून दिलं, एकदाही हसला नाही, आणि शेवटच्या दिवशी जाता जाता खुर्चीची उंची माझ्या मापानं करून दिली. तेव्हा मला वाटलं होतं, माणूस जरा घुमा आहे.

प्लंबर असण्याचा एरवी त्रास नव्हता. अडचण एकच होती. सौदीत बायकामुलं कुणाला आणता येतात हे पेशावर ठरतं. डॉक्टर, इंजिनियर, प्रोग्रॅमर यांना कुटुंब असतं असं सरकार धरून चालतं. प्लंबरला ते नसतं. माझं होतं, नाशिकला. बायको वीणा आणि मुलगी स्वानंदी. तीन वर्षं मी त्यांना वर्षातून एक महिना भेटत होतो. स्वानंदी सात वर्षांची झाली होती. आधी फोनवर 'ए बाबा' म्हणायची, आता 'अहो बाबा' म्हणायला लागली होती. घरात पाहुणे आले की ती 'अहो' म्हणते.

"एप्रिलला तिथल्या इंडियन स्कूलचं सत्र सुरू होतं ना?" डिसेंबरात वीणा फोनवर म्हणाली. "मग एप्रिलला आम्ही तिथे. नाहीतर तू इथे. तिसरं काही मला सांगायचं नाही."

"अगं, हे काम तिकडे बसून होत नाही. इथेच असावं लागतं."

"मग आम्हाला तिथे ने."

वीणा एका अनुदानित शाळेत गणित शिकवायची. आठ वर्षं कुणाकुणाच्या रजेच्या जागांवर काढून ती नुकती कायम झाली होती. तरी सोडायला तयार होती. तिच्याकडे सोडण्यासारखं काहीतरी होतं, हे मला तेव्हा नीट दिसलं नाही.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर अली सरखोत राहायचा. श्रीवर्धनचा, हाडाचा प्लंबर. त्याच्या कफीलाचं, म्हणजे त्याला व्हिसा देणाऱ्या सौदी मालकाचं, टायपिंगचं दुकान होतं आणि दुकानाच्या नावावर निघालेला संगणकाचा व्हिसा कफीलानं अलीला विकला होता. त्यामुळे अलीच्या इकाम्यावर 'प्रोग्रॅमर' होतं. त्याची बायको हफीजा त्याच्याजवळ होती, लेक इफरा इंडियन स्कूलमध्ये केजीत जात होती, आणि प्रोग्रॅमर अली रोज सकाळी पाने आणि पकडी पिशवीत घालून नळ जोडायला निघायचा. गुरुवारी सुट्टीच्या दिवशी हफीजावहिनी सुरमईचं कालवण करायच्या आणि एक डबा वर आम्हा एकट्या पुरुषांकडे पाठवायच्या. नाशिकला मी मासे खात नाही.

"काय उकिडवे प्लंबर," जिन्यात भेटला की अली म्हणायचा, "आज किती नळ जोडलंस?"

"तू किती प्रोग्रॅम लिहिलेस?"

"लिवला ना एक. वॉशर बदलला. एक पन बग नाय त्यात."

"अली, आपण इकामे बदलू या का रे?"

"बदलू की. पन फोटोचा काय? माज्या डोक्यावर केस हायत."

दम्माममध्ये मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा कंपनीचा मन्दूब मला न्यायला आला होता. मन्दूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांत खेटे घालणारा कंपनीचा माणूस. आमचा मन्दूब अबू नासिर, पोट सुटलेला, आवाज मोठा. त्यानं माझा पासपोर्ट घेतला, स्वतःच्या खिशात घातला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "खलास!"

नाशिकहून आलेल्या माणसाला खलास या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असतो. त्या दिवशी मी जेवलो नाही. संध्याकाळी अलीशी ओळख झाली आणि मी त्याला पहिलं हेच विचारलं. तो जिन्यात बसून हसला.

"अरे येड्या, खलास म्हंजे झाला! काम झाला. च्या पिऊन झाली, खलास. नमाज झाली, खलास. यांचा खलास चांगला असतो."

तेव्हापासून हा शब्द मला आवडायला लागला. तीन वर्षांत मी स्वतःही तो वापरू लागलो. प्रोग्रॅम चालू झाला की खलास. नाशिकला सुट्टीवर गेलो असताना सासऱ्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मी डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर येऊन नातेवाइकांना खलास म्हणालो, तेव्हा थोडा गोंधळ झाला होता.

वीणाचा फोन झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी सिराजुद्दीन साहेबांकडे गेलो. इकाम्यावरचा पेशा बदलता येतो. डिग्री साक्षांकित करून आणलेली होती. कंपनीनं पत्र द्यायचं, की हा माणूस आम्हाला प्रोग्रॅमर म्हणून हवा आहे, आणि मन्दूबानं ते कामगार कचेरीत नेऊन द्यायचं. एवढंच.

"लेटर देता मियाँ, कायकू नईं देता," साहेब म्हणाले. "पर पैले एक काम करो. तुमारे सर में जो है ना, सब कागज पे उतारो. कौनसा बटन कायकू, कौनसी फाइल कां से आती, सब. ऐसा लिक्खो के बच्चा भी पढ़ के चला ले."

"कशासाठी?" मी हिंदीत विचारलं.

"वजारत कू, मिनिस्ट्री कू दिखाना पड़ता. आदमी सच्ची में प्रोग्रॅमर है करके."

मला इसाम आठवला. त्याला काय सांगितलं असेल याचा थोडा विचार केला, आणि लिहायला बसलो. पत्र मला हवं होतं. सात आठवड्यांत दोनशे चाळीस पानं झाली. मी जे जे जाणत होतो ते सगळं त्यात होतं, आणि जसजशी पानं लिहून होत, तसतसा मी कंपनीला कमी लागत होतो. शेवटच्या पानावर मी 'शंका असल्यास संपर्क साधावा' असं लिहून माझा फोन नंबर दिला. साहेबांनी तेवढं खोडायला लावलं.

जानेवारीच्या अखेरीस तपासणी आली.

तपासणीची आमची एक ठरलेली पद्धत होती. खालचा पहारेकरी फोन करायचा, साहेब "यल्ला, यल्ला" असं ओरडायचे, आणि बावीस प्लंबर मागच्या जिन्यानं उतरून कोपऱ्यावरच्या शावर्माच्या दुकानात जाऊन बसायचे. वर उरायचा तो शंभर टक्के सौदी संगणक विभाग. त्या दिवशीही सगळं पद्धतीनं झालं. फक्त मी स्वच्छतागृहात होतो.

बाहेर आलो तेव्हा हात ओले होते आणि समोर निरीक्षक उभा होता. शांत, चष्मा लावलेला, अदबशीर माणूस. साहेबांचा चेहरा भिंतीसारखा झाला होता. पण वीस वर्षं मुरलेला माणूस तो. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "सब्बाक!"

निरीक्षकानं माझा इकामा मागितला. तिथंही सब्बाक. कागद आणि माणूस जुळले. तरी तो माझ्याकडे बघत राहिला. टाय लावलेला प्लंबर त्यानं आधी पाहिला नसावा.

तेवढ्यात पँट्रीतून आवाज आला. टप. टप. सिंकखालच्या बाजूला बादल्या भरायला एक बुटका पितळी नळ होता आणि तो दोन महिने गळत होता. चहावाले गफूरकाका, मलबारचे, साठीला आलेले, त्याखाली बादली ठेवत आणि दिवसातून तीनदा ओतत. बावीस प्लंबरांपैकी कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं.

निरीक्षकानं नळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एक खुर्ची ओढून बसला.

"तो म्हणतो, दुरुस्त कर," फवाजनं मला इंग्रजीत सांगितलं. "तो म्हणतो, त्याला घाई नाही."

मग निरीक्षकानं फवाजलाही विचारलं, की तू इथं काय करतोस. प्रोग्रॅमर, फवाज म्हणाला. काय प्रोग्रॅम करतोस? साहेब छताकडे बघत होते. एका वाक्यात सगळा डोलारा खाली आला असता. फवाज म्हणाला, "कंटेनर," आणि गाडीत पाना आहे तो आणतो म्हणून खाली गेला.

नळ जमिनीपासून वीतभर उंचीवर. मी उकिडवा बसलो. अलीनं आमच्या खोलीतला नळ दुरुस्त करताना मी दोनदा शेजारी उभा होतो, हातात बॅटरी धरून. त्याचं एक वाक्य लक्षात होतं: "आदी खालचा कॉक बंद कर, मग फुशारकी मार." मी कॉक बंद केला. पाना लावून नळाचं डोकं फिरवलं. ते निघालं, याचं सर्वांत जास्त आश्चर्य मला वाटलं. आत वॉशर होता तो झिजून कागदासारखा झाला होता. नवा कुठून आणायचा? मी फवाजच्या टेबलावरचा माउसपॅड उचलला. संगणक न वापरणाऱ्या माणसाचा माउसपॅड अगदी कोरा असतो. त्याच्या खालचं रबर कात्रीनं गोल कापलं, मध्ये पेनानं भोक पाडलं, बसवलं, डोकं आवळलं, कॉक सोडला.

आवाज थांबला.

पंधरा-वीस सेकंद आम्ही सगळे त्या नळाकडे बघत होतो. मग निरीक्षक "माशाल्ला" म्हणाला. खिशातून वही काढली, माझं नाव, इकाम्याचा नंबर लिहून घेतला, पुढे अर्धं पान काहीतरी लिहिलं, माझ्याशी हात मिळवला आणि गेला.

तीन वर्षांत माझ्या कामाचं इतकं कौतुक झालं नव्हतं. शावर्माच्या दुकानातून परतलेल्या एकवीस प्लंबरांनी टाळ्या वाजवल्या. गफूरकाकांनी मला न मागता वेलचीचा चहा दिला. "कंपनी की इज्जत रख लिये मियाँ!" साहेब म्हणाले, आणि त्याच दुपारी पत्रावर सही केली.

जाताना मी फवाजला जिन्यात गाठलं. "तू सांगितलं का नाहीस त्याला?"

"सांगितलं असतं तर तू गेला असतास," फवाज म्हणाला. "मला पासवर्ड तरीही मिळाला नसता. त्यांनी तुझ्याहून स्वस्त कुणीतरी शोधला असता." मग म्हणाला, "माझा माउसपॅड."

"नवा आणून देतो."

"कशाला?"

संध्याकाळी अलीला हकिगत सांगितली तेव्हा तो जिन्याच्या पायरीवर आडवा झाला. "आडनाव लागू पडला रे तुजा! उकिडवे! हफीजा, ऐकलंस का? उकिडवे उकिडवा बसला!" मग डोळे पुसून एकदम कामाचं बोलला. "पन माउसचा रबर? फुगंल तो. पितळीच्या नळाला नाय टिकनार."

"माझं काम झालं ना. टिको नाहीतर फुटो."

"तुजा काम," अली म्हणाला, "काय झाला?"

दुसऱ्या दिवशी अबू नासिर अर्ज घेऊन कामगार कचेरीत गेला. मग रोज त्याला विचारायचं आणि रोज त्यानं "बुकरा", म्हणजे उद्या, म्हणायचं. पंधराव्या दिवशी तो माझ्या टेबलाजवळून कानाला फोन लावून चालला होता. थांबला. मोकळा हात हवेत झटकला आणि म्हणाला, "खलास, गिरीश. खलास!" आणि फोनवर बोलत पुढे गेला.

मी तसाच बाहेर आलो, टेलिफोनच्या दुकानात गेलो आणि नाशिकला फोन लावला.

"वीणा, खलास!"

"काय? काय झालं? तू बरा आहेस ना?"

"अगं, झालं! काम झालं. पेशा बदलला. आता व्हिसाचा अर्ज करतो, महिन्याभरात तुम्ही इथे."

मग मागे वळून तिनं स्वानंदीला सांगितल्याचं ऐकू आलं. स्वानंदी फोनवर आली. "ए बाबा," ती म्हणाली, "तिथे झोपाळा आहे?"

सोमवारी वीणानं राजीनामा दिला. जूनच्या आत जागा भरता यावी म्हणून संस्थेची तशी विनंती होती. मुख्याध्यापकांनी तो उभ्याउभ्याच घेतला. आठ वर्षांत तिचा कुठलाही कागद एवढ्या लवकर पुढे सरकला नव्हता.

मी लग्नाचा दाखला, स्वानंदीचा जन्माचा दाखला, फोटो असं सगळं गोळा केलं आणि आठवड्यानं अबू नासिरसमोर ठेवलं. त्यानं एकेक कागद उलटून पाहिला.

"हे काय?"

"फॅमिली व्हिसा."

"कुणाचा? सब्बाकचा?" तो खरोखर बुचकळ्यात पडला होता. "तुला सांगितलं ना मी? खलास. संपलं."

त्यानं कपाटातून फाईल काढली. फवाजनं कामगार कचेरीचं पत्र मला वाचून दाखवलं, हळूहळू, एकेक शब्द इंग्रजीत करत. अर्जदार हा कुशल सब्बाक आहे. या कचेरीच्या निरीक्षकानं त्याला कामावर असताना प्रत्यक्ष पाहिलं असून त्याच्या हातून नळ दुरुस्त झाल्याची नोंद केली आहे. कंपनीला सब्बाकची गरज असल्याचंही दिसून आलं आहे. सबब पेशाबदल नामंजूर, फाईल बंद.

"शेवटी एक ओळ आहे," फवाज म्हणाला. "चांगली आहे. वाचू?"

"वाच."

"कंपनीनं अशा कारागिरांची कदर करावी."

तीन वर्षं मी अलीनं शिकवलेला अर्थ घोकला होता. नाशिकहून आणलेलाच तेवढा विसरलो नसतो, तर बरं झालं असतं.

वीणाला फोन करायला दोन दिवस लावले. तिनं सगळं ऐकून घेतलं. नळाचंही.

"राजीनामा मागे घे," मी म्हणालो.

"माझ्या जागी शिक्षणसेविका घेतली. त्याच आठवड्यात. तीन वर्षं मानधनावर राबेल, माझ्या पगारात तसल्या तिघी येतात. संस्था खूश आहे."

"असं कसं लगेच..."

"चांगली आहे रे पोरगी. हुशार आहे. मीच तिला नववीचा वर्ग समजावून देते आहे. कुठला मुलगा कुठे अडतो, कुणाला पुढच्या बाकावर बसवायचं. सगळं वहीत लिहून दिलंय."

मलाही लिहून द्यायची सवय होती.

"स्वानंदीला काय सांगू?" तिनं विचारलं. "तिनं शाळेत सगळ्यांना सांगितलंय. बॅगा आणल्यात दोन."

"सांग की बाबा..."

"तू सांग." तिनं फोन तिच्याकडे दिला.

"अहो बाबा," स्वानंदी म्हणाली.

मार्चमध्ये साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर स्पीकर फोन होता आणि फोनमध्ये पुणं होतं. तिथल्या एका कंपनीला आमच्या प्रणालीचं काम दिलं होतं. तीन मुलं, दोन पाळ्या, आणि इकामा, व्हिसा, विमानाचं तिकीट काहीच नको. मला फक्त त्यांच्या शंका सोडवायच्या होत्या. शंका फारशा नव्हत्या.

"सर, तुम्ही मराठी?" पलीकडून सुमीत नावाचा मुलगा म्हणाला. "निमिष, अरे सर मराठी आहेत! सर, डॉक्युमेंट काय भारी लिहिलंय तुम्ही. आम्हाला काही विचारायलाच लागत नाही."

"पुण्यात बसून कंटेनर दिसतात?" मी विचारलं.

"एकदम क्लिअर सर. आत्ता बघतोय ना. यार्ड चार, रांग नऊ."

साहेबांनी फोन बंद केला. त्यांचाही चेहरा उतरला होता. बावीस प्लंबर नसले तर त्यांच्यावर देखरेख करणारा मॅनेजर तरी कशाला, हा हिशेब मालकांनी अजून केला नव्हता, पण साहेबांनी केला होता. "मियाँ," ते म्हणाले, "तुम बहुत अच्छा लिक्खे. थोड़ा खराब लिखते तो अच्छा होता."

माझ्या पासपोर्टवर कायमचं परत जाण्याचा शिक्का बसला तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. इंडियन स्कूलचं सत्र त्याच आठवड्यात सुरू झालं. खाली इफरा नव्या दप्तराचा पट्टा लहान करून घ्यायला रडत होती आणि हफीजावहिनी तिला हिंदीत दटावत होत्या. अलीनं मला एक पाना भेट दिला. "सर्टिफिकेटवाला प्लंबर तू," तो म्हणाला, "माज्याकडं तर नुसती कला हाय." त्याला हसायचं होतं. जमलं नाही.

सर्टिफिकेटचं खरंच होतं. शेवटच्या दिवशी ऑफिसात अनुभवाचा दाखला मिळाला, तो इकाम्याप्रमाणेच द्यावा लागतो. श्री. गिरीश उकिडवे यांनी आमच्याकडे तीन वर्षं दोन महिने प्लंबर म्हणून काम केलं असून त्यांचं काम उत्तम व वर्तणूक समाधानकारक आहे. ही गोष्ट आता मला पुण्यात सुमीतच्या कंपनीत सांगावी लागणार होती, कारण नाशिकला दुसरी नोकरी नव्हती आणि पगार मिळवणारं घरात कुणीच नव्हतं.

फवाजच्या टेबलावर नवा माउसपॅड नव्हता. तो उठून उभा राहिला, गालाला गाल लावून मला निरोप दिला. मी खिशातून एक चिठ्ठी काढून त्याला दिली. तिच्यावर माझा पासवर्ड होता. त्यानं वाचला, घडी केली, आणि म्हणाला, "कालच बदलला. पुण्याहून."

गफूरकाकांना भेटायला पँट्रीत गेलो. त्यांनी वेलचीचा चहा पुढे केला. सिंकखाली बादली होती, निम्मी भरलेली. टप. टप.

"हा परत कधीपासून?" मी हिंदीत विचारलं.

काकांनी बोटांवर मोजलं. त्यांना ते सांगायचं नव्हतं, पण विचारलं म्हणून सांगितलं. नळ अकरा दिवस टिकला. मी कुशल सब्बाक असल्याच्या पत्रावर कचेरीची सही झाली पंधराव्या दिवशी.